कडी, क्यू आणि कशेडी

दौऱ्याची बस नाट्यगृहाच्या आवारात शिरली की सगळे आधी चहाची टपरी शोधतात. आमचे काका आधी बायकांचं स्वच्छतागृह शोधायचे.

काका म्हणजे नाटकाचे व्यवस्थापक. जाहिरातीत अगदी खाली, बारीक टायपात, ‘सूत्रधार’ म्हणून ज्यांचं नाव छापतात ते. साठीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत बुकिंगचा प्लॅन आणि हिशेबाची वही असणार असं सगळे धरून चालायचे. वही होतीच, पण वहीखाली दोन कड्या, कोयंडे, काडेपेटीत भरलेले स्क्रू, पेचकस, छोटी हातोडी, दोन बल्ब, नायलॉनची दोरी, फिनेलची बाटली आणि धुऊन घडी घातलेला जुन्या साडीचा तुकडा. हा तुकडा फुटक्या खिडकीला बांधायला.

तालुक्याच्या, आणि जिल्ह्याच्याही, गावांतली नाट्यगृहं ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना ही यादी समजावून सांगायची गरज नाही. बाहेर गुळगुळीत पायऱ्या आणि उद्घाटनाची कोनशिला, तिच्यावर अध्यक्षांपासून सदस्यांपर्यंत सगळ्यांची नावं. आत मेकअप रूमच्या मागे दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, बल्बच्या जागी नुसता होल्डर. काका एक फेरी मारायचे. तिथल्या शिपायाला हुडकून काढायचे, त्याच्यावर आवाज न चढवता त्याच्याकडून दोन बादल्या पाणी भरून घ्यायचे आणि स्वतः उकिडवे बसून कडी ठोकायचे. मग हात धुऊन चहा.

आता एक गोष्ट सांगतो, जी प्रेक्षकांना ठाऊक नसते आणि बऱ्याच पुरुष नटांनाही नसते. दौऱ्यावर नाटकातल्या बायका दुपारनंतर पाणी पीत नाहीत. नऊवारी नेसून, अंबाडा घालून दोन अंक उभं राहायचं आणि मध्येच गरज पडली तर जायचं कुठे, या हिशेबाने घसा कोरडा ठेवायचा. दुसऱ्या अंकात एखादीचा आवाज फाटतो, प्रेक्षकांना वाटतं भूमिकेत फारच शिरली. काकांच्या दौऱ्यात बायका पाणी प्यायच्या.

काका याबद्दल कुणाशी बोलत नसत. एका नाटकात नवीन मुलगी आली होती, तिचा पहिलाच दौरा. ती सगळ्यांच्या आधी आत गेली आणि ओरडतच बाहेर आली, “आत कुणीतरी म्हातारा बसलाय!” सेटवरची दोन पोरं धावली. आत काका, ओठांत स्क्रू धरलेले. त्यांनी स्क्रू तळहातावर काढून घेतले आणि म्हणाले, “बाई, जरा कडी लावून बघ. तुझ्या हाताला लागते का? मी लावली की लागते, पण माझ्या हाताला जोर आहे.” मुलीने कडी लावून पाहिली. घट्ट होती. काकांनी कोयंडा काढून पुन्हा बसवला.

ती मुलगी पुढे मालिकांमुळे घराघरांत पोचली. मालिकेचे दिवस सोडून दौऱ्यावर येणं म्हणजे तिला पैशांचं नुकसानच. तरी काकांचा फोन गेला की ती तारखा काढायची. निर्मात्याला वाटायचं, आपल्या संस्थेचं नावच मोठं.

रंगभूमीच्या मोठेपणाच्या गोष्टी आपल्याकडे सहसा वेगळ्या असतात. १९११ च्या मार्चमध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही गोष्ट प्रत्येक पिढीने ऐकली आहे. १९२१ च्या जुलैत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन कंपन्यांचे दोन राजे, टिळक स्वराज्य फंडासाठी त्याच ‘मानापमान’मध्ये एकत्र आले, तीही. ऐकताना अंगावर काटा येतो. पण अशा गोष्टींत एक सोय असते. माणूस भारावतो, टाळी वाजवतो आणि सुटतो. आपण काही बालगंधर्व नाही, आपल्यावर तशी वेळही येणार नाही. कडीच्या बाबतीत ही पळवाट नाही. कडी कुणालाही ठोकता येते.

नाटकाचा धंदा ‘नाईट’वर चालतो. प्रयोग झाला तर पाकीट, नाही झाला तर नाही. पगार नाही, फंड नाही, आजारपणाची रजा नाही. सेटवाला सकाळी टेम्पो रिकामा करतो, फ्लॅट उभे करतो, लेव्हल्स लावतो, प्रयोगभर विंगेत उभा राहतो आणि मग सगळं उलट्या क्रमाने उतरवतो. दादर-ठाण्याला लागोपाठ दोन नाटकं असली तर दुपारच्या नाटकाचा टेम्पो भरून होतोय न होतोय तोच रात्रीच्या नाटकाचा टेम्पो फाटकात तोंड घालून हॉर्न मारत असतो. मधल्या वेळात दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या फ्लॅटना धक्का न लावता ये-जा करतात, ती कला तिकीट लावून दाखवण्यासारखी आहे.

या सगळ्यात साहेब कोण? दिग्दर्शक पहिल्या काही प्रयोगांनंतर पुढच्या नाटकाच्या तालमींत गुंततो. निर्माता बुकिंगच्या खिडकीपाशी. रात्री दीड वाजता परक्या गावात सेट उतरवताना पाऊस सुरू झाला तर शब्द कुणाचा चालतो, हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. तो कधी प्रमुख नटाचा चालतो, कधी कपडेपटातल्या मावशींचा. का चालतो ते शोधायला गेलं की कडीसारखंच काहीतरी हाती लागतं.

क्यूचा, म्हणजे उजेड बदलण्याच्या ठरलेल्या इशाऱ्याचा, किस्सा घ्या. कौटुंबिक नाटक होतं. शेवटच्या प्रवेशात बाप खुर्चीत बसून मुलाचं पत्र वाचतो. पत्र संपतं, चार-पाच सेकंद काहीच होत नाही, मग उजेड सावकाश उतरतो. एका प्रयोगात पत्र अर्ध्यावर असतानाच मिट्ट काळोख झाला. नाटक संपलं असं समजून लोकांनी टाळ्या सुरू केल्या. बाप करणारे ज्येष्ठ नट, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, त्यांनी अंधारातच उरलेलं पत्र पुढे म्हणायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. पहिल्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या, मग बाल्कनीतल्या. पत्र संपलं तेव्हा पडदा ओढला.

पडद्यामागे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लाइटवाला पोरगा. याआधी दुसऱ्या एका नाटकात अशाच गफलतीपायी भर मेकअप रूममध्ये पाण्याचा तांब्या भिरकावलेला आम्ही पाहिला होता. दादा मेकअप न उतरवता, धोतर सावरत बाल्कनीच्या जिन्याने निघाले. लाइटचं टेबल तिथे, शेवटच्या रांगेमागे. मी त्यांच्या मागोमाग. जुंपली तर सोडवायला कुणीतरी हवं.

वर पोचल्यावर दादांना धाप लागली होती. पोरगा भिंतीला टेकून उभा. दादा म्हणाले, “काय झालं रे? तुला काही लागलं नाही ना?”

पोरगा आधी काही बोलेचना. मग कळलं की डिमरच्या खोक्यातून जळका वास यायला लागला, ठिणगी दिसली, आणि त्याने मेन खाली ओढला. दादा म्हणाले, “बरोबर केलंस. आग लागली असती तर पत्र काय अग्निशमन दलाला वाचून दाखवायचं होतं?” मग खोकं उघडलं गेलं. दादांना विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते अर्धा तास हातात टॉर्च धरून उभे राहिले, पोरगा सांगेल तिकडे उजेड पाडत. खाली मेकअपमन दादांची मिशी उतरवायला खोळंबला होता.

मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. पुढच्या प्रयोगाला, पहिल्या घंटेच्या बऱ्याच आधी, तो पोरगा दादांच्या आरशापाशी येऊन उभा राहिला. “दादा, आज तिसरा डिमर तापतोय. दुसऱ्या अंकात बाजूचा उजेड थोडा कमी ठेवला तर चालेल?” अशी वाक्यं नाटकात फारशी ऐकू येत नाहीत. बिघाड सांगितला की तो सांगणाऱ्याच्याच गळ्यात पडतो, म्हणून लाइटवाला, म्युझिकवाला, सेटवाला सगळे देवाचं नाव घेऊन रेटतात. निभावलं तर ठीक. त्या प्रयोगानंतर रोज तिन्हीसांजेला दादांच्या आरशामागे रांग लागायला लागली. म्युझिकवाल्याची वायर सैल आहे. खिडकीची चौकट एका ब्रेसवर उभी आहे. जिन्याची वरून दुसरी पायरी हलते. दादा कधी कधी वैतागायचे, “अरे, मला मिशी तरी लावू द्या!” पण उठून पायरीवर पाय देऊन बघायचे. त्याच पायरीवरून नाटकातली आई दुसऱ्या अंकात धावत उतरायची.

व्यवस्थापनाच्या वर्गांत यावर तक्ते काढून शिकवत असतील. मी पाहिलं ते एवढंच की माणूस जिना चढून वर आला आणि त्याने आधी ‘लागलं का’ विचारलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

पण छोट्या गोष्टी फक्त गोड स्वभावाची माणसं करतात असं समजू नये. कशेडीचा किस्सा ज्यांचा आहे ते गृहस्थ विनोदी नट म्हणून महाराष्ट्रभर लाडके, आणि विंगेत पाऊल टाकलं की कडू कारलं. सेटवाल्या पोरांना त्यांनी कधी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही, ‘ए’ आणि ‘अरे’ यांवर काम भागायचं. चहा गार आला तर चहावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. हिशेबात रुपया सुटणार नाही.

कोकणातला दौरा म्हणजे प्रेक्षक सोन्यासारखा आणि परतीचा रस्ता जीवघेणा. रत्नागिरी, चिपळूण करून रात्री प्रयोग संपला, सेट भरला, जेवणं झाली की बस मुंबईकडे निघायची. खेड सोडून कशेडी घाटाला लागेपर्यंत पहाटेचे तीन-साडेतीन वाजलेले. आता तिथे बोगदा झाला. तेव्हा वळणावळणाने पोलादपूरपर्यंत उतरावं लागे. आत सगळे गाढ. बसमधल्या जागा ठरलेल्या असतात: पुढे ज्येष्ठ, मध्ये बाकीचे नट, मागच्या बाकावर, चाकाच्या वर, सेटवाले. हे गृहस्थ पहिल्या सीटचे मानकरी. खेड आलं की उठायचे, मफलर गुंडाळायचे, केबिनचं दार सरकवायचे आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनच्या तापलेल्या झाकणावर घोंगडी टाकून बसायचे. पनवेलपर्यंत.

मला बसमध्ये झोप लागत नाही, म्हणून हे मी पाहिलं. ते दोघं काय बोलायचे? ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न, कांद्याचा भाव, कुठल्या ढाब्यावर तेल एकदाच वापरतात. आणि आमचं नाटक. ड्रायव्हरने विंगेतून इतके प्रयोग पाहिले होते की त्याचं स्वतःचं मत तयार झालं होतं. त्याच्या मते दुसऱ्या अंकात फोनचा प्रवेश उगाच लांबला होता. हे गृहस्थ दिग्दर्शकाचं ऐकत नसत. ड्रायव्हरचं ऐकून त्यांनी फोनवरची चार वाक्यं गाळली. तिथला लाफ्टर वाढला, हे मान्य करावं लागेल.

एकदा आमच्या नाटकात काम करणाऱ्या ताईंनी त्यांना विचारलं, “तुम्ही रात्री झोपत का नाही हो?” ते म्हणाले, “मी झोपलो नाही तर उद्याचा माझा एक प्रयोग वाईट होईल. तो झोपला तर सगळ्यांचे सगळेच प्रयोग बंद.” आणि नेहमीप्रमाणे चहा गार आहे म्हणून कुरकुरले. लग्नसराईत बसवाल्यांना दुप्पट भाडं मिळतं. तो ड्रायव्हर लग्नाची वऱ्हाडं सोडून आमच्या दौऱ्याला यायचा, आणि त्यांच्या शिव्या खाणारी पोरंही वर्षानुवर्षं त्यांच्याच नाटकांना टिकली. माणसं गोड बोलण्याचा हिशेब कमी ठेवतात, जागरणाचा जास्त.

कुणाला हे सुचतं आणि कुणाला नाही, यावर विंगेत बऱ्याचदा चर्चा रंगते. माझा एक ठोकताळा आहे, शास्त्रीय म्हणणार नाही. ज्याने कधीतरी स्वतः फ्लॅट उचललाय त्याला सुचतं. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. तिथे एकांकिका करणारी कॉलेजची मुलं अभिनय करतात, सेटही लावतात, प्रॉपर्टीही सांभाळतात. ज्याला भूमिका मिळाली नाही तो विंगेत खुर्ची धरून उभा राहतो. राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी संस्थांतही तेच. त्या वाटेने आलेला नट पुढे व्यावसायिक नाटकाचा नायक झाला तरी ब्लॅकआउटमध्ये बाहेर पडताना सहज एखादं स्टूल उचलून आणतो. कुणी सांगावं लागत नाही. थेट कॅमेऱ्यासमोरून नाटकात आलेल्यांना मात्र बरेचदा वाटतं की सेट आपोआप उगवतो. अपवाद दोन्हीकडे आहेत, तेही पाहिलेत.

आता एक कडू किस्सा. अलीकडे नाटकांत बॅकस्टेजच्या पोरांचे वाढदिवस साजरे होतात. चांगलं आहे. एका नाटकात असाच केक आला. मध्यंतरात सगळे विंगेत जमले, नायकाने पोराच्या गालाला क्रीम फासलं, तिघांनी मोबाइल वर धरले, ‘आमचं कुटुंब’ अशी ओळ टाकून फोटो तिसऱ्या घंटेच्या आत जगभर गेला. पोरगा हसत होता, हसतच दुसऱ्या अंकाचं टेबल लावायला पळाला. प्रयोगानंतर पाकीट उघडलं तर नेहमीपेक्षा कमी. सकाळी लोकल बंद पडली म्हणून तो उशिरा पोचला होता, त्याची कात्री. गालावरचं क्रीम नीट पुसलं गेलं नव्हतं, कानापाशी वाळलं होतं. तो मला म्हणाला, “केकचे पैसे यातूनच घेतले असतील.” चेष्टेत म्हणाला, पण पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या नाटकाला लागला.

म्हणून छोट्या गोष्टींचं कौतुक करताना मी जरा जपून असतो. चहा पाजला म्हणजे नाईट वाढवली असं होत नाही. पाठीवर हात ठेवणं फुकट आहे, आणि फुकट आहे म्हणूनच काहीजण ते सढळ हाताने करतात. याउलट डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्यासोबतच्या नामवंतांनी १९८० च्या दशकात अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले, ते सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा काहीतरी मानधन मिळावं म्हणून. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. एवढी मोठी नटमंडळी कार्यकर्त्यांना हारतुरे घालूनही भागवू शकली असती. त्यांनी मानधनाची सोय केली.

करोनात हा फरक फार जवळून दिसला. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या प्रेक्षकांवर उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली, तीही निम्म्यावरच. नाईटवर जगणाऱ्यांनी या काळात भाजीच्या गाड्या लावल्या, सोसायट्यांत वॉचमन झाले. मदत आली, नाही असं नाही. प्रशांत दामले यांच्यासारख्यांनी सुरुवातीलाच आपल्या बॅकस्टेजच्या मंडळींना स्वतःहून पैसे दिले. अनेकांनी रेशनची पाकिटं वाटली. त्यातली काही पाकिटं घेताना फोटोला उभं राहावं लागत होतं, आणि आमच्या कपडेपटातल्या मावशी तिथे गेल्या नाहीत. तीस-चाळीस वर्षं नटींच्या निऱ्या नीट करणाऱ्या बाईला ओंजळ पुढे करून फोटो काढायचा नव्हता.

मावशींच्या स्वभावाची आमच्या ताईंना चांगली ओळख. त्यांनी पैसे पाठवले असते तर मावशींनी ‘आहेत माझ्याकडे’ म्हणून परत केले असते. ताईंनी फोन केला: “मावशी, पेट्या बंद आहेत. माझ्या पैठणीला कसर लागली तर नाटक सुरू होईल तेव्हा नेसू काय? तुम्ही गोदामात जाऊन महिन्यातून दोनदा कपडे उन्हात घाला. त्याची नाईट घ्यायची, नेहमीची.” गोदाम मावशींच्या घरापासून चालत जाण्यासारखं. मावशी जायच्या, पेट्या उघडायच्या, साड्या गच्चीवर दोऱ्यांवर पसरायच्या, घडी मोडून दुसरी घालायच्या म्हणजे जर चिरत नाही, कडुनिंबाचा पाला बदलायच्या. हिशेब वहीत लिहायच्या आणि ताईंना फोनवर वाचून दाखवायच्या. एकदा मुसळधार पावसामुळे जाता आलं नाही. त्या खेपेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. नाटक पुन्हा सुरू झालं तेव्हा दुसऱ्या संस्थांच्या पेट्यांतून बुरशीचा वास येत होता. आमची पैठणी पहिल्याच प्रयोगाला उभी राहिली. ताईंनी नेमकं काय केलं होतं हे मावशींना पहिल्या दिवसापासून कळत होतं असं मला वाटतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, ताईंनीही नाही.

शेवटचा किस्सा घोषणेचा, आणि तो अजून संपलेला नाही. तिसरी घंटा झाली की अंधारात ध्वनिमुद्रित घोषणा लागते: लेखक अमुक, दिग्दर्शक तमुक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा. सेट लावणाऱ्या पोरांची नावं त्यात बहुधा नसतात, किंवा ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत सगळी कोंबलेली असतात. एका निर्मातीबाईंनी ठरवलं की आपल्या नाटकात नावं घ्यायची. पोरं सारखी बदलतात, मग घोषणाही सारखी बदलावी लागणार; बाई स्वतःच्या मोबाइलवर नवीन नावाचा तुकडा बोलून पाठवायच्या आणि म्युझिकवाला तो जोडायचा. मधल्या एका नावाला मागे त्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. कुणाला खटकत नाही.

दिव्याहून येणारा एक पोरगा नवीन लागला. त्याचं नाव घोषणेत आलं त्या रविवारी त्याने आईला आणलं, गडकरी रंगायतनला, मधल्या रांगेत बसवलं. प्रयोगानंतर आम्ही सगळ्यांनी माउलीला गाठलं. “मग, कसं वाटलं नाटक?”

“चांगलं होतं,” त्या म्हणाल्या. “याचं नाव आलं तेव्हा मी बाजूच्या बाईंना सांगितलं, हा माझा मुलगा. त्या म्हणाल्या, कुठाय? मी म्हटलं, आत आहे, दिसत नाही. मग आम्ही दोघी याला शोधत बसलो. अंधार झाला की कुणीतरी टेबल उचलून न्यायचं. मी म्हणायचे हाच. त्या म्हणायच्या, हा नसेल, हा जाडा आहे.”

“आणि गोष्ट?”

“गोष्ट काय होती?”

एकाचं नाव आलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, मी सेट वेळेवर आणतो. मेकअपमनच्या मदतनिसाने वडिलांचंही नाव घाला म्हणून सांगितलं. घोषणा लांबत गेली. प्रमुख नट कुरकुरायला लागला, विंगेत उभं राहून पाय दुखतात म्हणाला. बाई त्याला म्हणाल्या, स्टूल देते. गेल्या महिन्यात नाट्यगृहाबाहेरच्या चहावाल्याने अर्ज टाकला. त्याचा युक्तिवाद असा की मध्यंतरात त्याची किटली आत आली नाही तर दुसरा अंक कुणी करणार नाही. बाईंनी विचार करते म्हणून सांगितलंय. तोवर तो बाईंचे चहाचे पैसे घेत नाहीये, आणि बाई रोज ते त्याच्या गल्ल्यावर ठेवून येतायत.